कुंभिवली ते कलिना

खोपोलीला आगगाडी आली १८५६ मध्ये. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ मध्ये. म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याच्या या मुलखातून मुंबईला जायची सोय विद्यापीठापेक्षा एका वर्षाने थोरली आहे. पुढे १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली, १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातल्या भिवपुरीच्या वीजगृहाची तिला जोड मिळाली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि खालापूरचा टोलनाका साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. वीज, विटा, भाजी, दूध, मजूर. या पट्ट्यातून मुंबईकडे काय गेले नाही? एक मात्र फार थोडे गेले. इथल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची मुले, विद्यापीठाची पदवी घ्यायला.

मी खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीत राहतो. इथून कलिन्याचे विद्यापीठ शंभर किलोमीटरही नाही, आणि खरे तर कलिन्याला जायचीही गरज नाही. खोपोलीला के. एम. सी. महाविद्यालय आहे, कर्जतला कोकण ज्ञानपीठाची महाविद्यालये आहेत, आणि त्यांच्या पदवीवर शिक्का मुंबई विद्यापीठाचाच असतो. अनुसूचित जमातींसाठी जागा राखीव आहेत. शुल्क माफ होते, शिष्यवृत्ती आहे. कागदावर पाहिले तर दार सताड उघडे आहे. तरीही त्या दारातून आत गेलेली मुले दिवाळीनंतर वर्गात का दिसत नाहीत, हा या लेखाचा विषय आहे.

आधी थोडे आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे रायगड जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आहे. त्यात कातकरी मोठ्या संख्येने. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींची केंद्र सरकारने अतिमागास म्हणून वेगळी नोंद केली, त्या म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या १८ ते २३ वयोगटातल्या दर शंभर तरुणांमागे २८.४ विद्यार्थी उच्च शिक्षणात होते. आदिवासींमध्ये हेच प्रमाण २१.२ होते. सात वर्षांपूर्वी, २०१४-१५ मध्ये, आदिवासींचा आकडा साडेतेराच्या आसपास होता. म्हणजे चढ आहे, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत सर्वांसाठी ५० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले आहे.

पण हा आकडा पटावरच्या नावांचा आहे. किती जणांनी नाव घातले ते तो सांगतो. किती जण पदवी घेऊन बाहेर पडले ते सांगत नाही. माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे अशा आकड्याकडे पाहायची एक सवय लागलेली आहे. कोणी नुसते कर्जवाटपाचे आकडे पुढे केले आणि वसुलीबद्दल गप्प बसला, तर कान टवकारावेत.

ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम नावाची योजना देशभर जोरात होती. गरीब कुटुंब निवडायचे, त्याला बँकेने कर्ज द्यायचे, सरकारने अनुदान द्यायचे आणि त्यातून म्हैस, शेळ्या किंवा शिवणयंत्र घ्यायचे. शाखाशाखांना उद्दिष्टे ठरवून दिलेली असत आणि मार्चअखेर ती पुरी झाल्याचे तक्ते वर जात. म्हैस दारात आली की कुटुंब दारिद्र्यरेषेवर आले, असा हिशेब. वैरण कुठून आणायची, म्हैस आटल्यावर मधल्या महिन्यांत हप्ता कशातून भरायचा, दूध घालायचे तर डेअरी किती कोसांवर आहे, हे रकाने त्या तक्त्यात नव्हते. पुष्कळ घरांत म्हैस विकली गेली आणि कर्ज तेवढे उरले. राखीव जागा ही आवश्यकच गोष्ट आहे. तिच्याशिवाय म्हैसच दारात येणार नाही. पण उच्च शिक्षणाच्या बाबतीत आपण पुन्हा म्हैस देऊन वैरणीचे विसरलो आहोत.

ही वैरण म्हणजे काय, ते कातकऱ्यांच्या वर्षाकडे पाहिले की कळते. खैराच्या लाकडापासून कात पाडणारा तो कातकरी. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी तो धंदा गेला, मग कोळसा पाडणे आले, आणि त्याच्यामागून वीटभट्टी आली. भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडाशी संपतो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. तेव्हा आजारपणाला, लग्नाला किंवा नुसते जगायला भट्टीवाल्या शेटकडून उचल घेतली जाते. ती फेडायची हंगामात, हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आहे, पण उचलीचा व्यवहार राहिला आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे असे कर्ज आहे की ज्याला तारण म्हणून कुटुंबातले हात लागतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हे त्यातले सर्वांत कामाचे हात. उचल देताना शेट माणसे मोजतो, आणि त्या मोजणीत कॉलेजात नाव घातलेले पोरही धरलेले असते.

आता विद्यापीठाचे वर्ष पाहा. जूनमध्ये प्रवेश, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिल्या सत्राची परीक्षा, मार्च-एप्रिलमध्ये दुसऱ्या सत्राची. म्हणजे पहिले सत्र जेमतेम पदरात पडते आणि दुसरे सबंध भट्टीच्या धुरात जाते. मुलगा नापास होत नाही, तो परीक्षेलाच नसतो. कॉलेजच्या कागदावर मात्र त्याची नोंद ‘गैरहजर’ अशी होते आणि आपण म्हणतो, या मुलांना शिक्षणाची आवडच नाही.

शाळकरी मुलांच्या बाबतीत ही गोष्ट शासनाने निदान मान्य तरी केली आहे. आईबाप स्थलांतर करतात त्या महिन्यांत मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहे ही कल्पना त्यातूनच आली. नव्वदच्या दशकात वसई भागात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या. त्याही आधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केले, आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे प्राथमिक शिक्षणाला पटले. महाविद्यालयाला ते अजून पटायचे आहे. तिथे अजूनही समज असा की, अठरा वर्षांचा झाला, आता त्याचे तो पाहील.

आश्रमशाळेत आजही हजारो आदिवासी मुले राहतात, जेवतात आणि शिकतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ढिगाऱ्यातून २७ मृतदेह हाती लागले, आणखी कितीतरी माणसे सापडलीच नाहीत. त्या वाडीची काही मुले वाचली ती आश्रमशाळेत होती म्हणून. डोक्यावर वेगळे छप्पर असण्याचा अर्थ यापेक्षा अधिक काय सांगावा? पण बारावीचा निकाल लागला की हे छप्पर संपते. पुढे शासकीय आदिवासी वसतिगृहाचा अर्ज. तिथे जागा मोजक्या. जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्याला जेवण, निवास आणि इतर खर्चासाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले. योजना चांगली आहे. दुखणे आहे ते वेळेचे. खोलीचे भाडे जूनमध्ये द्यायचे असते, खानावळवाला दर महिन्याच्या एक तारखेला पैसे मागतो, आणि शिष्यवृत्त्यांचे पैसे मात्र अनेकदा वर्ष संपता संपता, कधी संपल्यावर, खात्यात येतात. हे वरातीमागून घोडे. मधले सहा-आठ महिने काढायला ज्याच्याकडे पैसे आहेत, त्यालाच ही मदत घेता येते; म्हणजे ज्याला तिची सर्वांत कमी गरज आहे त्याला.

यावर कोणी म्हणेल, शैक्षणिक कर्ज आहे की! बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना २००१ पासून आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ती निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी आहे. पण बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेला माणूस म्हणून सांगतो, तारण नको म्हटले तरी सहकर्जदार लागतो, पत्त्याचा पुरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो. वाडी ज्या जमिनीवर आहे तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर, वर्षातले सहा महिने पत्ता भट्टीचा, आणि बाप आधीच शेटच्या उचलीत. शिवाय बी.ए.च्या तीन वर्षांसाठी कर्ज काढायला लावणे हे मलाच पटत नाही. एका उचलीतून सोडवायचे म्हणून दुसरी उचल द्यायची, यात शहाणपण ते कसले?

आता कागदांविषयी. गेली काही वर्षे जून-जुलैत मी आसपासच्या वाड्यांवरच्या मुलांना अर्ज भरून देतो. एका मुलीला नर्सिंगला जायचे होते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. एका कचेरीत तिला आजोबांचा १९५० पूर्वीचा कागद आणायला सांगितले. ती मला म्हणाली, “काका, आजोबा शाळेत गेले असते तर माझं घर असं असतं का? त्यांचा कागद कुठून आणू?” मी काय उत्तर देणार? १९५० चे वर्ष कुठून येते तेही समजून घ्यायला हवे. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी लागू झाली, म्हणून त्याआधीच्या नोंदीला पुरावा म्हणून सर्वांत अधिक वजन. खोटे दाखले घेऊन राखीव जागा लाटणारे होते, आजही आहेत. त्यांना आवरायला माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली आणि पुढे राज्याने कायदा केला. हेतू रास्तच होता. पण परिणाम पाहा. ज्याच्या घराण्यात तीन पिढ्या शाळा आहे, त्याच्याकडे कागदांची चळत निघते. ज्याच्या घरात अक्षर पहिल्यांदाच आले, तो रिकाम्या हाताने उभा. चोराला अडवायला लावलेल्या कुलपाने घरधन्यालाच बाहेर ठेवले. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चालीरीतींची चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे, असे सांगितले आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाच्या वैधता प्रमाणपत्राचे महत्त्वही मान्य केले. त्याचा उपयोग व्हायचा तर कुटुंबात पहिले प्रमाणपत्र कोणाला तरी मिळायला हवे. ते मिळवून देणे हे अठरा वर्षांच्या पोरीचे काम की प्रकल्प कार्यालयाचे? आमचे प्रकल्प कार्यालय पेणला. एका सहीसाठी एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे, आणि सही एकाच खेपेत मिळाली तर नशीब.

आपल्याकडे हे पूर्वी कोणाला कळले नव्हते असे नाही. उलट महाराष्ट्रातल्या थोरांना ते आपल्यापेक्षा अधिक कळले होते. राजर्षी शाहू महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. पण कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले ते १९०१ मध्ये. आधी पथारी आणि ताट, मग जागा, हा क्रम आहे. पुढे त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, हे आपण शाळेत ऐकलेले असते आणि हळहळून सोडून देतो. त्यामागचा हिशेब मात्र नीट पाहत नाही. मुलाला आज संध्याकाळी जेवायला हवे, पुढच्या आर्थिक वर्षात नव्हे, हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होते. आपल्या शिष्यवृत्तीच्या संगणकाला ते अजून ठाऊक नाही.

बाहेरच्या जगातही अनुभव हाच आहे. अमेरिकेत अटलांटा शहरातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात गरीब आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी. २००३ मध्ये तिथे सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३२ टक्के होते. विद्यापीठाने तपास केला तेव्हा दिसले की, दर सत्रात हजारावर विद्यार्थ्यांची नावे नुसती शुल्काची बाकी राहिली म्हणून कमी होत होती, आणि त्यांतल्या अनेकांची बाकी काही शे डॉलरच होती. २०११ पासून विद्यापीठाने अशा मुलांची बाकी आपण होऊन भरायला सुरुवात केली. अर्ज नाही, चकरा नाहीत. पुढच्या वर्षी आणखी एक गोष्ट केली: विद्यार्थी कुठे अडतो आहे याची संगणकावर रोज नोंद घ्यायची आणि खूण दिसली की समुपदेशकाने त्याला गाठायचे. दहा-बारा वर्षांत पदवीधरांचे प्रमाण ५४ टक्क्यांवर गेले आणि गोऱ्या-काळ्यांतले अंतर मिटले. प्रवेशाची अट त्यांनी कडक केली नव्हती. तो देश श्रीमंत आहे हे खरे, पण ही युक्ती श्रीमंतीची नाही. थोडे पैसे, पण वेळेवर. आणि मूल दिसेनासे झाले की त्याच आठवड्यात कोणीतरी विचारणे, एवढीच ती आहे.

एक आक्षेप मी वाड्यांवरच ऐकतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. “शिकून तरी काय करायचं, सायेब? बी.ए. झालेला पोरगा कंपनीत ठेकेदाराकडेच लागला.” खोटे नाही. शिवाय रायगडची एक वेगळी अडचण आहे. हा जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात नाही. शेजारच्या ठाणे-पालघर किंवा पुणे जिल्ह्यातल्या अनुसूचित गावांत स्थानिक आदिवासींसाठी तलाठी, शिक्षक, वनरक्षक अशा पदांची जी खास तरतूद झाली, ती इथल्या कातकऱ्याला लागू नाही. पण यावर उपाय शिक्षण सोडणे हा नव्हे. वाडीची जागा कोणाच्या नावावर गेली, उचलीच्या वहीत आकडा किती मांडला, हे वाचणारे माणूस घरात असणे याची किंमत पगारात मोजता येत नाही. पहिल्या पदवीधराचा खरा लाभ त्याच्या धाकट्या भावंडांना मिळतो. निदान त्यांच्या कागदांची फाइल तरी तयार असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक नवी सोय आणली आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते पदवीच्या वर्गांना २०२४-२५ पासून लागू झाले. त्यात एक वर्ष करून थांबले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, आणि मिळवलेले श्रेयांक ‘बँके’त जमा, पुन्हा यावे आणि पुढे शिकावे. भट्टीवर जाणाऱ्या मुलाला ही खरोखर उपयोगी पडू शकते. पण बँकवाला म्हणून मला एक धास्ती वाटते. खात्यात शिल्लक असणे वेगळे आणि ती काढायला माणूस परत येणे वेगळे. परतीची वाट कोणी दाखवली नाही, तर कालपर्यंत ज्याला आपण गळती म्हणत होतो, तिलाच उद्या प्रमाणपत्र देऊन मोकळे होऊ. आकडे छान दिसतील, मूल मात्र भट्टीवरच असेल.

मग करायचे काय? सगळे सरकारवर टाकून मोकळे व्हावे, असे मला वाटत नाही. खालापूर-कर्जत पट्ट्यात कारखाने रग्गड आहेत, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शिक्षण हे त्यातलेच एक काम. एका महाविद्यालयात पन्नास गरजू मुले धरली आणि प्रत्येकी पाच हजार रुपये अडीअडचणीला ठेवले तर होतात अडीच लाख. शिष्यवृत्ती आली की ते परत फिरवता येतील. नव्या इमारतीला कंपनीचे नाव द्यायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. दुसरे, प्रत्येक महाविद्यालयाने एका प्राध्यापकाकडे दिवाळीनंतरची हजेरी सोपवावी. जे मूल आठ दिवस दिसले नाही त्याच्या वाडीवर जाऊन यायचे, एवढेच काम. त्याचा तास कार्यभारात धरावा. तिसरे, तालुक्याच्या गावी महाविद्यालयीन मुलांसाठी नोव्हेंबर ते मेपुरते तरी हंगामी वसतिगृह असावे. आणि चौथे, दहावीच्या वर्गातच आश्रमशाळेत बसून जातीचा दाखला आणि वैधतेचा प्रस्ताव पुरा व्हावा. कातकऱ्यांसारख्या समूहांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत दाखल्यांची शिबिरे वाड्यांपर्यंत पोचू शकली. मग हे का होऊ नये?

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पुष्कळ कुटुंबे आमच्या भागातल्या फार्महाऊसवर येतात. हा मजकूर वाचणाऱ्यांतही काही असतील. फाटक उघडणारा राखणदार, झाडांना पाणी घालणारी बाई बहुतेक वेळा शेजारच्या वाडीवरची असते. तिला एक विचारा: घरात बारावी झालेले कोणी आहे का, आणि ते आत्ता कुठे आहे? पुढचे दोन फोन तुम्ही करू शकता, कारण तुम्हाला अर्ज वाचता येतो आणि कचेरीत तुम्हाला खुर्ची मिळते. आणि ज्यांचा महाविद्यालयांशी संबंध येतो, मग विश्वस्त म्हणून असो, देणगीदार म्हणून असो की माजी विद्यार्थी म्हणून, त्यांनी यंदा आदिवासी किती घेतले हे विचारून थांबू नये. तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ज्यांना घेतले, त्यांतले किती जण शेवटच्या परीक्षेला बसले, हेही विचारावे. बहुतेक ठिकाणी हा तक्ता तयार नसेल. तो तयार करायला लावणे, ही सुरुवात आहे.